पीजीचा क्लास: वॉर्डातून मोबाईलपर्यंत आलेल्या एका परीक्षेचा इतिहास

मागच्या भागात आपण १९३६ च्या फैजपूर काँग्रेसबद्दल बोललो होतो. त्यावर बरेच मेसेज आले आणि गंमत म्हणजे त्यातले काही मेडिकलच्या पोरापोरींचे होते. एकाने लिहिलं, "दादा, इतिहास सांगतोस तर आमच्या पीजीच्या परीक्षेचा पण सांग. डॉक्टर झाल्यावर परत क्लास लावायचं हे लफडं सुरू कुठून झालं?"

प्रश्न भारी आहे. मी डॉक्टर नाही, बीटेक करून पुण्यात कोड लिहिणारा माणूस आहे. पण आमच्या फैजपूरच्या घरात सध्या हाच विषय चालू आहे, कारण माझ्या मावसबहिणीने गेल्या महिन्यात पीजीच्या तयारीच्या कोर्सला नाव घातलं. तिचं पुढे सांगतोच. आधी इतिहास. हेडफोन लावा, चहा घ्या, सुरू करू.

नेमकं काय आहे हे?

ज्यांच्या घरात कुणी डॉक्टर नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षं कॉलेज आणि एक वर्ष इंटर्नशिप. एवढं झालं की माणूस डॉक्टर होतो. पण हाडांचा डॉक्टर, बालरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बायकांचा डॉक्टर असं जे आपण म्हणतो, ते व्हायला पुढे तीन वर्षांचं एमडी किंवा एमएस लागतं. तिथे जायचा दरवाजा म्हणजे नीट पीजी.

दोनशे प्रश्न, साडेतीन तास, आठशे मार्क. बरोबर उत्तराला चार, चुकीला उणे एक. साडेतीन तास म्हणजे २१० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ६३ सेकंद. हा ६३ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. अभ्यासाला एमबीबीएसचे सगळे एकोणीस विषय. २०२४ पासून तर पेपरचे पाच भाग केलेत, प्रत्येकी चाळीस प्रश्न आणि ४२ मिनिटं. एक भाग संपला की मागे जाता येत नाही.

परीक्षेला बसतात दोन लाखांहून जास्त डॉक्टर. देशात पीजीच्या जागा सत्तर हजारांच्या पुढे गेल्यात, हे खरं. पण त्यातल्या रेडिओलॉजी, मेडिसिन, स्किन, पिडियाट्रिक्स असल्या जागांवरच सगळ्यांची नजर. म्हणजे पास होऊन काही होत नाही. रँक लागते.

आता प्रश्न असा की हे असंच होतं का नेहमी? अजिबात नाही.

परीक्षा नव्हती तेव्हा

आपल्याकडे पाश्चात्त्य पद्धतीच्या डॉक्टरकीची सुरुवात धरायची तर मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज, १८४५. मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांचं नाव दिलेलं. शेजारी जमशेटजी जीजीभॉयांचं हॉस्पिटल, आजचं जेजे. तिथून पहिली बॅच बाहेर पडली १८५१ मध्ये. डॉ. भाऊ दाजी लाड त्याच बॅचचे. त्या काळात स्पेशालिस्ट ही वेगळी पायरी अशी फार नव्हतीच. डॉक्टर म्हणजे डॉक्टर. डोळा बघायचा, पोट बघायचं, हाड बसवायचं.

स्पेशालिस्ट घडवायची जी पद्धत आज जगभर आहे, ती अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलातून पसरली. हे हॉस्पिटल १८८९ मध्ये उघडलं. तरुण डॉक्टरने हॉस्पिटलातच राहायचं, रात्रंदिवस पेशंट बघायचे आणि मोठ्या डॉक्टरच्या हाताखाली वर्षानुवर्षं शिकायचं. हॉस्पिटलात राहतो म्हणून रेसिडेंट. आजही आपण 'रेसिडेंट डॉक्टरांचा संप' म्हणतो तो शब्द तिथला.

मुंबईत १९१२ मध्ये कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स निघालं, ज्याला सगळे सीपीएस म्हणतात. १९२६ मध्ये केईएम हॉस्पिटल आणि सेठ जीएस मेडिकल कॉलेज सुरू झालं. हळूहळू पद्धत बसली: एमबीबीएस झालं, इंटर्नशिप झाली, मग सहा-सहा महिन्यांची हाऊस पोस्ट, मग रजिस्ट्रार, मग एमडी-एमएस.

निवड कशी व्हायची? मुख्यतः एमबीबीएसचे मार्क बघून. किती अटेम्प्टमध्ये पास झालात, त्या विषयात किती पडले, आणि त्याच कॉलेजचे आहात का. म्हणजे ज्या सरांनी तुम्हाला तीन वर्षं वॉर्डात पाहिलंय, रात्री दोन वाजता सलाईन लावताना पाहिलंय, त्यांच्याच युनिटमध्ये तुम्ही पुढे शिकणार.

यात चांगलं काय होतं हे उघड आहे. तुमचा हात कसा चालतो, पेशंटशी कसे बोलता, हे निवडणाऱ्याला माहीत असायचं. क्लास नावाची गोष्ट लागायचीच नाही. जो क्लास व्हायचा तो वॉर्डात, पेशंटच्या कॉटजवळ उभं राहून.

पण आता खान्देशातून बघा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी धुळ्याला सरकारी मेडिकल कॉलेज निघालं, आजचं श्री भाऊसाहेब हिरे कॉलेज. तोवर तापीच्या खोऱ्यातल्या पोराला सरकारी कॉलेजात डॉक्टर व्हायचं तर मुंबई, पुणे, औरंगाबाद, नागपूर. जळगावला तर सरकारी मेडिकल कॉलेज आलं २०१८ मध्ये! आणि निवडीत आपल्या कॉलेजच्या पोरांना झुकतं माप असेल, तर ज्या भागात कॉलेजच नाही त्या भागाला कुणाचं झुकतं माप मिळणार? शिवाय प्रत्येक विद्यापीठाची मार्क देण्याची तऱ्हा वेगळी. एकाचे साठ टक्के आणि दुसऱ्याचे साठ टक्के सारखे नसायचे. बाहेरच्या राज्यातल्या कॉलेजात जाणं तर जवळपास अशक्य, कारण तिथे रहिवासाची अट.

कोर्टाने दार उघडलं

इथून गोष्ट सुप्रीम कोर्टात जाते. १९८० मध्ये जगदीश सरन यांचा खटला गाजला. दिल्ली विद्यापीठाने पीजीच्या सत्तर टक्के जागा आपल्याच पदवीधरांना ठेवल्या होत्या, आणि हे डॉक्टर होते मद्रासकडून शिकून आलेले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यात मुद्दा मांडला की शिक्षण जसजसं वरच्या पायरीचं होत जातं, तसतसं 'आपला माणूस' हा निकष कमी आणि गुणवत्ता जास्त महत्त्वाची व्हायला हवी.

मग आला २२ जून १९८४ चा प्रदीप जैन खटल्याचा निकाल. न्यायमूर्ती भगवती. रहिवासाच्या नावाखाली सगळ्याच्या सगळ्या जागा अडवून ठेवता येणार नाहीत, काही जागा देशभरातल्या मुलांसाठी खुल्या ठेवा आणि त्या एका सामाईक परीक्षेतून भरा, असं कोर्टाने सांगितलं. किती जागा यावर पुढे घासाघीस झाली. १९८६ मध्ये दिनेश कुमार खटल्यात आकडा ठरला: एमबीबीएसच्या पंधरा टक्के आणि पीजीच्या पंचवीस टक्के जागा अखिल भारतीय. पीजीची परीक्षा घ्यायचं काम दिल्लीच्या एम्सकडे गेलं आणि १९८८ पासून ऑल इंडिया पीजी एन्ट्रन्स सुरू झाली. २००३ मध्ये सौरभ चौधरी खटल्यात पंचवीसचे पन्नास टक्के झाले.

मला इथे एक गोष्ट ठासून सांगायचीय, कारण आजकाल परीक्षेला शिव्या देणं सोपं आहे. ही परीक्षा आली ती बरोबरीच्या हक्कासाठी. कागदावर नाव नाही, आडनाव नाही, गाव नाही, फक्त रोल नंबर. धुळ्याच्या नव्या कॉलेजातली पोरगी आणि दिल्लीच्या जुन्या कॉलेजातला पोरगा एकाच पेपरला बसणार. कुणाची ओळख लागणार नाही. आमच्याकडच्या पहिल्या पिढीच्या डॉक्टरांसाठी ही साधी गोष्ट नव्हती.

पर्यायी प्रश्न आला, मागोमाग क्लास आला

आता हजारो डॉक्टरांची परीक्षा एका दिवसात घ्यायची आणि कुणी पक्षपाताचा आरोपही करू नये, तर प्रकार एकच उरतो. चार पर्याय, एक बरोबर. हा प्रकार अमेरिकेत फ्रेडरिक केली नावाच्या शिक्षकाने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास शाळेतल्या मुलांच्या वाचनाच्या चाचणीसाठी काढला होता. १९५० च्या दशकात तिथल्या डॉक्टरांच्या राष्ट्रीय परीक्षेने निबंधवजा प्रश्न सोडून हाच प्रकार घेतला.

क्लासचा इतिहास पण तिथलाच मजेदार आहे. १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये स्टॅनली कॅप्लन नावाच्या तरुणाने घराच्या तळघरात शिकवणी सुरू केली. प्रामुख्याने स्थलांतरितांची, साध्या घरातली मुलं. परीक्षा घेणारे म्हणायचे की या परीक्षेची तयारी करताच येत नाही. कॅप्लनने दाखवून दिलं की करता येते. पुढे त्याची कंपनी जगभर पसरली. म्हणजे बघा, परीक्षा सगळ्यांना समान म्हणून आली, आणि तिची तयारी करून देणारा माणूस पण 'मागे राहिलेल्यांना पुढे आणतो' असंच म्हणत आला. दोघंही खोटं बोलत नव्हते.

आपल्याकडे एम्सची परीक्षा सुरू झाली आणि वर्ष-दोन वर्षांत पोरांच्या लक्षात आलं की काही प्रश्न परत परत येतात. पेपर बाहेर न्यायला मिळायचा नाही, मग परीक्षा देऊन आलेले डॉक्टर आठवून आठवून प्रश्न लिहून काढायचे. त्यातून गाईडं तयार झाली. जाडजूड, पिवळसर कागदाची, उत्तरांसकट. गाईडांवरून क्लास निघाले. दिल्लीत एम्सजवळचं गौतम नगर तर अख्खं याच धंद्यावर उभं राहिलं: खोल्या, मेस, झेरॉक्स, चोवीस तास उघड्या लायब्ररी.

आमच्या भागातली मुलं भुसावळहून गाडी पकडून तिकडे जायची. भुसावळ जंक्शन, दिल्लीची गाडी सहज मिळते. पण एका वर्षाची खोली, जेवण, क्लासची फी, आणि त्या वर्षात कमाई शून्य. ज्याच्या घरी बाप डॉक्टर आणि स्वतःचा दवाखाना, त्याला परवडायचं. ज्याच्या घरी दोन एकर केळी, त्याने एखाद्या खासगी हॉस्पिटलात रात्रपाळी धरायची आणि दिवसा गाईड वाचायचं. परीक्षेच्या हॉलमध्ये सगळे सारखे होते. हॉलपर्यंत पोचायचा रस्ता सारखा नव्हता.

माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. आम्ही मशीनला शिकवताना एक धोका असतो, त्याला ओव्हरफिटिंग म्हणतात. मॉडेल सरावाचा डेटा इतका पाठ करतं की त्याच डेटावर शंभर टक्के मार्क आणि खऱ्या जगात सपशेल नापास. मेडिकलच्या जुन्या शिक्षकांची गाईडांबद्दलची तक्रार नेमकी हीच होती, त्यांनी फक्त हा शब्द वापरला नाही.

२०१६: तीन गोष्टी एकाच वर्षी

पुढचा भाग पटकन उरकतो, कारण त्यात कोर्टाच्या तारखा फार आहेत. एकीकडे अखिल भारतीय परीक्षा, दुसरीकडे महाराष्ट्राची आपली पीजीची सीईटी, शिवाय खासगी कॉलेजं आणि अभिमत विद्यापीठांच्या वेगळ्या. प्रत्येकाचा फॉर्म, प्रत्येकाची फी. हे सगळं एक करायला २०१२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पहिली नीट पीजी झाली, कॉम्प्युटरवर. १८ जुलै २०१३ ला सुप्रीम कोर्टाने दोन विरुद्ध एक मतांनी नीटच रद्द केली. ११ एप्रिल २०१६ ला त्याच कोर्टाने तो निकाल मागे घेतला. त्याच वर्षी कायदा बदलला आणि डिसेंबर २०१६ मध्ये देशभरासाठी एकच नीट पीजी झाली.

आता याच वर्षात अजून काय झालं? ५ सप्टेंबर २०१६, जिओ. डेटा जवळपास फुकट. आणि त्याच सुमारास पीजीच्या तयारीची ॲप्स बाजारात आली. चंदीगडचं प्रेपलॅडर, मागोमाग बंगळुरूचं मॅरो. अख्ख्या देशाची परीक्षा एक, म्हणजे अख्ख्या देशाचं मार्केट एक. आणि त्या मार्केटपर्यंत पोचायची तार स्वस्त. इंजिनियर म्हणून मला यात आश्चर्य काहीच वाटत नाही. सिंगल प्लॅटफॉर्म, सिंगल सिलॅबस, दोन लाख युजर. असा प्रॉडक्ट कोण सोडेल?

मग कोरोना आला, गौतम नगरच्या खोल्या रिकाम्या झाल्या आणि उरलासुरला क्लास पण मोबाईलमध्ये शिरला. जुलै २०२० मध्ये अनअकॅडमीने प्रेपलॅडर पाच कोटी डॉलरला विकत घेतलं. डॉक्टरांच्या रट्ट्याची किंमत पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या आकड्यात छापून आली. एप्रिल २०२१ ची नीट पीजी पुढे ढकलली, कारण वॉर्डात डॉक्टर हवे होते. ती झाली ११ सप्टेंबरला. मग आरक्षणाच्या खटल्यामुळे काउन्सेलिंग लटकलं आणि डिसेंबरमध्ये दिल्लीत रेसिडेंट रस्त्यावर उतरले. नवी बॅच येत नव्हती, जुनी बॅच दुप्पट ड्युट्या करत होती.

फैजपुरात कोर्स कसा चालतो

आता आमच्या मावसबहिणीकडे येतो. तिचं एमबीबीएस सरकारी कॉलेजातून झालं. सरकारी कॉलेज म्हणजे महाराष्ट्रात एक वर्षाचा बाँड. सरकार सांगेल तिथे सेवा द्या, नाही तर दहा लाख भरा. तिला सातपुड्याच्या पायथ्याचं एक प्राथमिक आरोग्य केंद्र मिळालं. आठवडाभर तिथे, सुट्टीला फैजपूरला.

कोर्सला नाव घालणं म्हणजे आता कुठे जाणं नाही. सहा महिने, बारा महिने, दोन वर्षं, असे प्लॅन असतात. फक्त प्रश्न हवेत, की व्हिडिओ पण, की छापील नोट्स पण, त्यावर किंमत. वर एक घड्याळ उलटं मोजत असतं: 'ऑफर संपायला इतके तास'. परीक्षेचा निकाल लागला त्या रात्री ऑफर येते. पहिल्या अटेम्प्टला रँक कमी आली तेव्हा तिच्या मोबाईलवर निकालाच्या आधी ऑफर आली होती असं ती हसत सांगते. पैसे भरले कधी? शेतातला माल कापला गेला, व्यापाऱ्याने हिशेब केला, तेव्हा. केळीचा भाव जरा बरा होता म्हणून मोठा प्लॅन घेतला.

आरोग्य केंद्रावर नेटवर्क लपंडाव खेळतं. म्हणून ती सुट्टीच्या दिवशी घरच्या वायफायवर आठवड्याचे व्हिडिओ उतरवून घेते आणि तिकडे दीडपट स्पीडने बघते. मावशीला सुरुवातीला हे झेपलंच नाही. "का वं, डॉक्टर झाली ना तू? मंग दिवसभर मोबाईलमधी काय पाहू राह्यली?" आता मावशी शेजारणीला सांगते, "दिल्लीचे मास्तर शिकवू राहिले तिला, हळू बोला."

आणि खरं सांगू, कोर्स म्हणून तो चांगला बनवलेला आहे. मी तिच्या मागे बसून तासभर पाहिला. शिकवणारे स्पष्ट बोलतात. प्रश्न चुकला तर का चुकला ते समजावतात. चुकलेला प्रश्न काही दिवसांनी परत समोर येतो. माणूस किती वेगाने विसरतो यावर जर्मनीत एबिंगहाउसने १८८५ मध्येच पुस्तक लिहिलं होतं. ते विज्ञान इथे कोडमध्ये उतरलंय. ग्रँड टेस्ट दिली की देशभरात तुमचा कितवा नंबर ते दिसतं. १९९० मध्ये जे शिकायला भुसावळहून दिल्ली गाठावी लागायची, ते आता सावदा-फैजपूर रस्त्यावर घरात बसून मिळतं. १९३६ ला काँग्रेस शहर सोडून खेड्यात आली म्हणून आपण मागच्या भागात एवढं कौतुक केलं, तर याचंही थोडं करायला हरकत नाही.

पण एक प्रसंग तिने सांगितला तो ऐका. रात्री एका शेतमजूर बाईला आणलं, पायाला साप चावलेला, कुठला ते माहीत नाही. सापाचं विष रक्तावर चाललंय का हे बघायची साधी चाचणी आहे. स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी कलती करून बघायचं. गोठलं तर बरं, नाही गोठलं तर प्रतिविष. ती वीस मिनिटं तिने बाईचा श्वास बघत, पापण्या बघत, नवऱ्याला धीर देत काढली. रक्त गोठलं नाही. प्रतिविष सुरू केलं, सोबत ॲलर्जी आली तर काय करायचं त्याची तयारी ठेवली आणि १०८ बोलावून पुढे पाठवलं. बाई वाचली.

दोन दिवसांनी ॲपच्या प्रश्नसंचात हीच चाचणी आली. चार पर्याय. तिने मला विचारलं, "दादा, याला चार मार्क आहेत. त्या रात्रीला किती?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण प्रश्न कुठून येतो ते मला आता समजतं. नळीला लागतात वीस मिनिटं, परीक्षेला ६३ सेकंद. पहिलं येणाऱ्याला दुसरं येईलच असं नाही, आणि उलटंही. आणि रँक फक्त दुसऱ्याची.

पणाला काय लागलंय

आता हे फक्त तिचं दुःख नाही म्हणून सांगतो. इंटर्नशिपचं वर्ष हे हाताने शिकायचं वर्ष. टाके, प्रसूती, इमर्जन्सी. पण त्याच वर्षाच्या शेवटी परीक्षा, त्यामुळे इंटर्न वॉर्डात कमी आणि रीडिंग रूममध्ये जास्त, ही प्राध्यापकांची जुनी ओरड आहे. इंटर्नला दोष देऊ नका. मार्क जिथे आहेत तिथे माणूस जाणार.

दुसरीकडे बघा. ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ हवेत असा नियम. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीत देशभरातल्या अशा केंद्रांवर गरजेच्या मानाने जवळपास ८० टक्के स्पेशालिस्ट कमी होते. दहा हवेत तिथे दोन. त्याच देशात लाखभर डॉक्टर दरवर्षी 'यंदा नाही तर पुढच्या वर्षी' म्हणत परत कोर्सचं रिन्यूअल करतात. आणि त्याच देशात २०२३ मध्ये पीजीच्या जागा रिकाम्या राहतात म्हणून कटऑफ शून्य पर्सेंटाइलवर आणला. शून्य पर्सेंटाइल म्हणजे काय? जो परीक्षेला बसला तो पात्र. रिकाम्या जागा बहुतेक अशा विषयांच्या, जिथे पेशंट तपासायचे नसतात, किंवा अशा कॉलेजातल्या जिथली फी झेपत नाही.

परीक्षेवरचा भरवसाही हलतोय. २०२४ मध्ये २३ जूनची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली. पोरं गावाहून निघून सेंटरच्या शहरात लॉजवर पोचली होती. ती ११ ऑगस्टला झाली दोन शिफ्टमध्ये, आणि दोन पेपरांची काठिण्यपातळी जुळवायला नॉर्मलायझेशन आलं. पर्सेंटाइल दशांश चिन्हानंतर सात आकड्यांपर्यंत! मी आकड्यांत काम करणारा माणूस, मला पण वाटलं की डॉक्टर निवडायला एवढी बारीक फुटपट्टी म्हणजे अतिच. २०२५ ला सुप्रीम कोर्टानेच सांगितलं की एकाच शिफ्टमध्ये घ्या, म्हणून जूनची परीक्षा ३ ऑगस्टला गेली. २०१९ च्या कायद्यात एमबीबीएसचं शेवटचं वर्ष आणि पीजी प्रवेश एकाच परीक्षेतून, नेक्स्टमधून, करायचं ठरलंय. तीही पुढे पुढे ढकलली जातेय. तारीख हलली की कोर्सची मुदत वाढवा, म्हणजे परत पैसे.

मग करायचं काय? परीक्षा बंद करा म्हणणाऱ्यांत मी नाही. ती बंद झाली तर आपण १९८० च्या आधी जाऊ, जिथे आमच्या भागातल्या पोरांना दारच नव्हतं. कोर्सलाही खलनायक करायचा नाही. पण वॉर्डात केलेल्या कामाचं वजन परत मोजता आलं पाहिजे, असं मला इतिहास वाचून वाटतं. हे शक्य नाही असंही नाही. पीजीच्या नियमांत दुर्गम भागात सरकारी सेवा केलेल्या डॉक्टरांना दर वर्षामागे दहा टक्के, जास्तीत जास्त तीस टक्के जादा गुण द्यायची तरतूद आलेली आहे. ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्यांना सेवेतल्या डॉक्टरांसाठी जागा राखायचा अधिकार असल्याचंही सांगितलं. प्रश्न राज्य ते किती मनापासून राबवतं याचा आहे.

आमच्या घरातला प्रश्न सध्या असा आहे: बाँड संपतोय. पुढचं वर्ष फक्त अभ्यासाला द्यायचं, की केंद्रावर राहून अभ्यास करायचा? ती गेली तर त्या केंद्रावर दुसरा डॉक्टर येईपर्यंत सापाची केस थेट जळगावला. ती राहिली तर रँक जाईल अशी तिला भीती. काका म्हणतात सोड नोकरी, पैशाचं मी बघतो. मावशी काहीच बोलत नाही. तिने अजून ठरवलेलं नाही, आणि ते तिनेच ठरवायचंय.

ऐकणाऱ्यांमध्ये कुणी कोर्सला नाव घालणार असेल तर तिच्या अनुभवातून तीन गोष्टी सांगतो. घड्याळ उलटं मोजतंय म्हणून त्या रात्री पैसे भरू नका, ऑफर परत येते. आधी फुकटचे दोन-चार व्हिडिओ तुमच्या नेटवर्कवर चालवून बघा. आणि परीक्षेची तारीख हलली तर मुदत वाढते का, त्याचे किती पैसे, हे लेखी विचारा. सीनियरकडून जुन्या नोट्स मिळाल्या तर त्या आधी.

आणि जे डॉक्टर नाहीत त्यांना एकच. पुढच्या वेळी सरकारी दवाखान्यात एखादी तरुण डॉक्टर मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली दिसली, तर लगेच व्हिडिओ काढून टाकू नका. कदाचित ती ६३ सेकंदांत उत्तर शोधत असेल. केस आली की उठेल.

आजचा भाग इथेच थांबवतो. तुमच्या घरात पीजीच्या अभ्यासाची काही गोष्ट असेल तर व्हॉइस नोट पाठवा, त्यातल्या काही पुढे ऐकवू. पुढच्या भागात भुसावळ जंक्शन आणि रेल्वे आल्यावर आपला केळीचा माल कुठे कुठे गेला, त्यावर बोलू. तोवर भरीत खा, बामणोदच्या वांग्याचं. भेटू!